नुसता अंदाज घेतोय

चाचपणीकर फोन करतात तेव्हा आधी पावसाची चौकशी करतात. ‘काय, तुमच्याकडे पडतोय का?’ आपल्याच इमारतीत दोन मजले वर राहणारा माणूस असं विचारतो, तेव्हा त्याची नजर पावसावर नसून आपल्या रविवारावर आहे हे ओळखावं. मग घसा खाकरला जातो. ‘काही नाही हो, नुसता अंदाज घेतोय. समजा, मॅक्रो फोटोग्राफीचा एखादा कार्यक्रम ठरवला, तर तुम्हाला साधारण कितपत रस असेल?’

चाचपणीकर हे अर्थात आम्ही ठेवलेलं नाव. मूळ आडनाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे. पण ते वाचायला दारापर्यंत जावं लागतं आणि दारापर्यंत गेलेला माणूस यादीत नाव लागल्याशिवाय खाली येत नाही. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. उभी नोकरी थकीत कर्जांच्या वसुलीत गेली. कर्ज बुडवून परगावी पसार झालेल्यांना गाठून त्यांच्याकडून परतफेडीची तारीख वदवून घेणाऱ्या या माणसाला कोथरूडच्या सहा सज्जनांकडून ‘येतो’ एवढा एक शब्द वसूल करता येत नाही.

असा एक माणूस प्रत्येक हौशी कंपूत असतो. आकाशदर्शनवाल्यांत असतो, किल्लेवाल्यांत असतो. पण त्यांचं निदान एक बरं असतं. आकाश सगळ्यांना एकदम पुरतं, आणि राजगडावर माणसं कितीही मावतात. मॅक्रोचं तसं नाही. किडा जेवढा आहे तेवढाच तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटला पाहिजे, एकास एक, हा या पंथाचा मूळ नियम. सेंटिमीटरभर मुंगळा, तर सेन्सरवरही सेंटिमीटरभर. त्यासाठी भिंग पार त्याच्या तोंडाशी न्यावं लागतं आणि कोळ्याच्या तोंडाशी एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दुसरा आला की सावली पडते. तिसरा आला की कोळी निघून जातो. इतका एकांतातला छंद, आणि चाचपणीकरांना त्याचा सामुदायिक कार्यक्रम करायचा असतो.

कारण त्यांच्या घरात आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोळ्याचे आठही डोळे मोजता येतील असा फोटो त्यांनी काकूंना दाखवला, की काकू विचारतात, ‘हा आत्ता कुठल्या खोलीत आहे?’ आणि झाडू शोधू लागतात. मुलगा परदेशात, तो प्रत्येक किड्याला न पाहता ‘नाइस, बाबा’ म्हणतो. चाचपणीकरांना फक्त एक असा माणूस हवाय, जो डोळे बारीक करून विचारील, ‘एफ अकराला काढलात का?’ त्या एका प्रश्नासाठी ते मिनीबस ठरवायला निघतात.

यंदाचा पहिला बेत आंबोलीचा होता. ऑगस्टात, दोन रात्री, बॅटऱ्या घेऊन. आंबोलीची महती त्यांना तोंडपाठ. झाडावरून झाडावर तरंगत जाणारा मलबारी बेडूक, पावसाळी रात्री फांदीवर वेटोळं करून बसलेला चापडा, आंबोलीचंच नाव लावणारा आणि 2009 मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेलेला भेक. शिवाय हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात माशाची एक अख्खी नवी जात सापडल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं. ‘तिथं अजून नव्या जाती सापडताहेत,’ ते कळवळून म्हणाले, ‘आणि मला इथं ओळखीची सहा माणसं सापडेनात.’

माणसं सापडेनात, कारण चाचपणीकर खरं बोलतात. ‘तिकडे जळवा असतात ना हो?’ असं कुणी विचारलं, तर दुसरा एखादा सहलवाला ‘छे, फार नाहीत’ म्हणून वेळ मारून नेईल. हे सांगतात, ‘भरपूर असतात. त्यांचेही फोटो छान येतात.’

त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. तिच्यात तीन रकाने: ‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘घरी विचारून’. तिसरा रकाना दुसऱ्या पानावर गेला होता. पहिल्यात दोनच नावं होती, त्यातलं एक स्वतःचं. जो ‘बघतो’ म्हणतो तो येण्याची थोडी तरी शक्यता असते, ‘तारीख ठरली की सांगा’वाला त्या तारखेला कुणाच्या तरी वास्तुशांतीला जाणार असतो, आणि ‘मला धराच हो!’ असं म्हणणारा हमखास सुटतो. हे शास्त्र मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते स्वतः मात्र दर वेळी ‘धराच’वाल्याची पुरणपोळी आधी सांगून ठेवतात.

बी विंगमधल्या एका आजींनी तर फोन ठेवायच्या आत नाव दिलं. चाचपणीकर सद्गदित झाले. दोन दिवसांनी आजींचा फोन आला, ‘दोरी आम्ही आणायची, की तुम्ही देणार?’ त्यांनी ‘मॅक्रमे’ ऐकलं होतं, आणि त्यांना कुंडी टांगायचं शिंकं विणायचं होतं. चाचपणीकरांनी नाव खोडलं नाही. ‘बहुधा’त सरकवलं.

होकार आटत गेले तसा बेतही आटत गेला. आंबोलीची ताम्हिणी झाली, दोन रात्रींचा एक दिवस झाला. मग ताम्हिणीची वेताळ टेकडी झाली, मिनीबसच्या रिक्षा झाल्या, पुरणपोळीचा वडापाव झाला. मधे एक पूर्वतयारीची बैठकही झाली. ती, आपल्या या लेन्सना निकॉन कंपनी ‘मायक्रो’ का म्हणते आणि बाकी जग ‘मॅक्रो’ का म्हणतं, या वादात संपली. तारीख ठरवायची राहून गेली. ती नंतर पुन्हा फोन करून ठरवावी लागली, आणि त्यामुळे पावसाची चौकशीही पुन्हा झाली.

खुद्द चाचपणीकरांची सामग्री पाहण्यासारखी आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स, उलटी करून एका स्वस्त कडीनं कॅमेऱ्यावर बसवलेली. उलटी लेन्स किडा चांगला मोठा करते. फक्त तिला स्वतःहून काहीच करता येत नाही, सगळं हातानं. पुढे फ्लॅश. त्याचा प्रकाश किड्याच्या तुकतुकीत पाठीवर पांढरा फटक पडू नये म्हणून तो चिप्सच्या रिकाम्या डब्यातून, मग बटर पेपरातून आणि शेवटी आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून गाळून घेतलेला. काकू त्या झाकणाच्या शोधात अजून आहेत. या असल्या यंत्रातून निघालेला फोटो दोन लाखांच्या सरंजामाला खाली मान घालायला लावतो, हे मात्र मला मान्य करावं लागेल.

अखेर ठरल्या रविवारी सकाळी फाटकाशी आम्ही पाच मोठे आणि एक पोरगा जमलो. चाचपणीकर, मी, आणि ‘नक्की’तलं दुसरं नाव: एक दंतवैद्य. दंतवैद्यांकडे मॅक्रो लेन्स आणि तिच्याभोवती बसणारा गोल फ्लॅश असतोच. दाढांचे फोटो काढायला लागतो. हे डॉक्टर दाढांना कंटाळले होते. चौथे एक पक्षीवाले, सहाशे मिलिमीटरची तोफ घेऊन. ती तोफ जवळचं पाहूच शकत नाही, त्यामुळे ते बरेच मागे, पायवाटेच्या कडेला उभे राहिले आणि सकाळभर आमच्या पाठींचे अत्यंत सुस्पष्ट फोटो काढत राहिले. पाचव्या मॅक्रमेवाल्या आजी. त्यांच्यासोबत नातू, आणि पिशवीत दोरी.

टेकडीवर फिरायला येणारे लोक त्या वेळात वरपर्यंत जाऊन खालीही येतात. आम्ही फाटकापासून घाणेरीच्या पहिल्या झुडपापर्यंत पोचलो. तिथं सिग्नेचर स्पायडरची मादी जाळ्याच्या मध्यावर, पाय जोडीजोडीनं पसरून, फुलीच्या आकारात बसली होती. आम्ही गुडघ्यांवर. इतक्या जवळून एक-दीड मिलिमीटरचाच पट्टा काय तो स्पष्ट येतो. डोळे साधावेत तर पाय धूसर, पाय साधावेत तर तोवर वारा. ‘श्वास रोखा,’ चाचपणीकर कुजबुजले. सगळ्यांनी रोखला. तेवढ्यात मागून एका बाईंनी विचारलं, ‘काय हरवलंय हो, कानातलं का?’ आणि उत्तराची वाट न पाहता त्याही बॅटरी काढून झुडपात शोधायला लागल्या. कोळीण गेली.

पण दिवसाची खरी कमाई पोरानं केली. ‘डॉक्टरकाका, तुमच्या कॉलरवर कायतरी आहे.’ कायतरी म्हणजे उड्या मारणारा कोळी, तांदळाच्या दाण्याएवढा, समोरचे दोन टपोरे डोळे रोखून पाहणारा. या जातभाईंची खोड अशी, की भिंग पुढे आलं की पळून जाण्याऐवजी ते वळून भिंगाकडेच बघतात. चाचपणीकरांची कळी खुलली. ‘डॉक्टर, अजिबात हलू नका!’ एका फोटोत सगळा कोळी स्पष्ट येत नाही, म्हणून केसाएवढं पुढे सरकत पंचवीस-तीस फोटो काढायचे आणि मग संगणकावर ते एकत्र जोडायचे, अशी रीत आहे. हे सगळं डॉक्टरांच्या गळ्यापासून चार बोटांवर. जन्मभर लोकांना ‘हलू नका, दुखणार नाही’ सांगत आलेला तो माणूस डोळे मिटून, मुठी आवळून बसला होता. ‘झालं का?’ ते दातांतल्या दातांत म्हणाले. ‘एकच राहिलाय,’ चाचपणीकर म्हणाले. हे वाक्य डॉक्टरांच्या ओळखीचं असावं, कारण त्यांचा चेहरा आणखी पडला. आजींनी मधल्या वेळात घाणेरीच्या फांदीला दोरी बांधून अर्धं शिंकं पुरं केलं.

फोटो अप्रतिम आला. डोळ्यांत आकाश, आइस्क्रीमच्या झाकणाचं प्रतिबिंब, सगळं. मागाहून पक्षीवाल्यांनी ‘एफ किती?’ विचारलं, तेव्हा चाचपणीकरांनी उत्तराऐवजी त्यांना दुसरा वडापाव दिला.

राहता राहिली जात. कोळ्याची कुठली हे कळावं म्हणून त्यांनी तो फोटो एका अभ्यासकांकडे पाठवला. त्यांचं उत्तर सभ्य आणि शास्त्रशुद्ध होतं: नुसत्या फोटोवरून नेमकं सांगता येणार नाही, त्यासाठी जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. कोळ्यांच्या बाबतीत हे खरंच असं असतं. चाचपणीकरांना त्यात नवा कार्यक्रम दिसला. त्याच रात्री त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर संदेश टाकला: ‘जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा एक कार्यक्रम रविवारी आमच्या घरी ठरवला, तर किती जणांना रस असेल? नुसता अंदाज घेतोय.’ ‘कोळ्यांची’ हा शब्द तेवढा घाईत राहून गेला.

सेक्रेटरींचा फोन दहाव्या मिनिटाला आला. काकूंनी दोन दिवस खाली भाजी आणायला जायचं टाळलं. पण वहीच्या पहिल्या रकान्यात, इतिहासात प्रथमच, एका रात्रीत चार नावं लागली. आणि चौघांनीही आपलं नाव यादीत कुणाला दाखवू नये अशी विनंती केली आहे.