शिंकं तुटलं, स्टेशन मिळालं

जपानच्या वाकायामा प्रांतात किशी नावाचं स्टेशन आहे. १४.३ किलोमीटरची छोटीशी लाइन तिथं येऊन संपते, पुढं रूळच नाहीत. १९३३ साली सुरू झालेल्या या स्टेशनाचा कारभार वर्षानुवर्षं माणसांनी पाहिला. त्यांच्यापैकी एकाच्याही नावाचं देऊळ फलाटावर नाही. देऊळ आहे ते तामाचं. तामा म्हणजे तिरंगी भाटी, जन्म २९ एप्रिल १९९९.

तिच्या नेमणुकीचं कारण मोठं शिस्तशीर होतं. नानकाई कंपनी तोट्याला कंटाळून ही लाइन सोडून गेली आणि एप्रिल २००६ मध्ये नवी कंपनी आली. नव्या व्यवस्थापनानं पहिलं काय केलं असेल? जगभर करतात तेच. खर्च वाचवायला स्टेशनांवरची माणसं काढली. त्याच सुमारास शेजारच्या दुकानाच्या मालकीणबाई अध्यक्ष मित्सुनोबू कोजिमा यांच्याकडे गाऱ्हाणं घेऊन गेल्या : मांजरांची खोपी हटवायची वेळ आलीय, त्यांना स्टेशनात थारा द्याल का? अध्यक्षांनी तामाकडे पाहिलं आणि त्यांना स्टेशनमास्तर दिसला. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं म्हणतात. इथं भाटीचं फावलं.

५ जानेवारी २००७ रोजी तामा रुजू झाली. पगार मांजराच्या खाद्यात. रात्रपाळी नाही, बदली नाही, युनियनची वर्गणी नाही. अडलं ते फक्त टोपीवर. मांजराच्या डोक्याच्या मापाची स्टेशनमास्तरी टोपी तयार व्हायला सहा महिन्यांहून जास्त काळ लागला म्हणतात. पद निर्माण करायला त्याहून कमी वेळ लागला असावा.

काम एकच : प्रवाशांचं स्वागत. म्हणजे तिकिटाच्या गेटवर पाय दुमडून बसायचं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं तर माणूस चार पावलं मागं येतो. तिथं मांजर गेटात आडवं बसलेलं पाहायला लोक तिकीट काढून येऊ लागले. त्या जानेवारीत प्रवासी आदल्या वर्षापेक्षा १७ टक्क्यांनी वाढले. कान्साई विद्यापीठाच्या कात्सुहिरो मियामोतो यांनी हिशेब मांडला, तेव्हा या भागाच्या अर्थव्यवस्थेला तामामुळे ११० कोटी येनांचा लाभ झाल्याचं दिसलं. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला मांजर मोजायला बसवणं हेही कर्तृत्वच.

मग बढत्या. वर्षभरात 'सुपर स्टेशनमास्तर'. तेव्हा कंपनीत व्यवस्थापकीय पदावर असलेली स्त्री ती एकटीच होती. या बातमीवर हसायचं की तिथल्या बायकांची विचारपूस करायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. ऑक्टोबर २००८ मध्ये गव्हर्नरांनी तिला नाइट केलं. २०१० मध्ये ती कार्यकारी अधिकारी, २०११ मध्ये अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालकांच्या खालोखाल तिसरी, २०१३ मध्ये तहहयात मानद अध्यक्ष. तिचा गोपनीय अहवाल कुणी पाहिलेला नाही, पण 'वेळेवर हजर, दुपारी झोपते, वरिष्ठांना ओरबाडत नाही' याहून वेगळं त्यात काय असणार? दरम्यान २०१० मध्ये स्टेशनाची इमारतही मांजराच्या तोंडवळ्याची झाली. छपरावर दोन कान आहेत. माणूस मास्तर असताना नाक-कान सोडा, खुर्ची बदलून मिळायलाही अर्ज लागला असता.

२२ जून २०१५ ला तामा गेली. शिंतो पद्धतीच्या अंत्यविधीला सुमारे ३००० लोक जमले आणि ती देवत्वाला पोचली. पन्नास दिवसांचं सुतक पाळून ११ ऑगस्टला नितामा, म्हणजे तामा दुसरी, किशीला रुजू झाली. तिच्या निवडीत पाहिल्या गेलेल्या दोन गोष्टी : माणसांना बुजत नाही आणि टोपी घालून घेते. वशिल्याचा संशय नको, आधी इदाकिसो स्टेशनावर तिची उमेदवारी झालेली होती.

पुढं इदाकिसोला आली योंतामा, म्हणजे तामा चौथी. बोटं मोजणारा इथं हमखास अडतो, तिसरी कुठाय? तिला शिकाऊ म्हणून ओकायामाला धाडलं होतं. तिथल्या सांभाळणाऱ्यांचा तिच्यावर इतका जीव जडला, की त्यांनी तिला परत पाठवायला साफ नकार दिला. डेप्युटेशनवर गेलेली तिसरी तामा ओकायामाचीच झाली.