खातेफोड

आमच्या कचेरीच्या सर्व्हरवर जुन्या बॅकअपांचा जो चार टेराबाइटांचा ढीग साचला होता, तो एका शुक्रवारी सायंकाळी, घरी निघण्यापूर्वी, जाता जाता पुसून टाकावा, असा विचार माझ्या मनात आला, त्यास मी आजही सुविचारच म्हणतो. दोष असलाच तर तो ‘जाता जाता’ या दोन शब्दांत आहे.

अनर्थाचे मूळ माझ्याच काटकसरीत होते. त्या यंत्रावर झेडएफएस ही प्रणाली नांदत होती, आणि तिला सन मायक्रोसिस्टिम्सच्या मंडळींनी २००९ साली ‘डीडुप्लिकेशन’ची जोड दिली होती: एकच मजकूर दहा जणांनी ठेवला तरी तबकडीवर त्याची प्रत एकच राहावी आणि वाटेकरी किती, याची नोंद निराळ्या वहीत असावी. ही सोय मी हौसेने चालू केली, तेव्हाच मला आजोबांच्या सात-बाऱ्याचे स्मरण व्हावयास हवे होते. विहीर एक, हिस्सेदार चौदा. पाणी उपसताना कुणाची तक्रार नसते, परंतु एकाने नाव कमी करतो म्हटले, की तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत अवघे दफ्तर उलगडावे लागते.

मी हुकूम सोडला. यंत्राने तो तत्काळ दाखल करून घेतला आणि तामिली पडद्याआड आरंभिली. काम फत्ते झाले, असे समजून मी चहा मागविला. चहा येईपर्यंत हिशेबनीस बाईंची पगारपत्रके गोठली होती आणि साहेबांची फाइल उघडेनाशी झाली होती.

एका टेराबाइटाचे १२८ किलोबाइटांचे तुकडे पाडले, तर ते ८३ लाख ८८ हजार ६०८ भरतात. पुसताना मजकुरास कुणी हात लावीत नाही, तो बापडा जागच्या जागी पडून असतो. मात्र प्रत्येक तुकड्याची नोंद वहीत हुडकून वाटेकऱ्यांतून एक वजा करावा लागतो. नोंदीमागे सुमारे ३२० बाइट धरले, तरी माझ्या चार टेराबाइटांची वहीच दहा गिगाबाइटांची झाली, आणि यंत्राची स्मृती, माझ्या काटकसरीच्याच मापाने, अवघी आठ! तेव्हा नोंदीगणिक तबकडीवरचा कारकून नवे कपाट उघडावयास धावू लागला. अशा धावा तो सेकंदास शंभरेक करतो. मी त्रैराशिक मांडले, तो दर टेराबाइटास जवळजवळ एक अहोरात्र, म्हणजे मुक्ती मंगळवारी, असे उत्तर आले. अधीर होऊन मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. ते उठले आणि इमानी नोकराप्रमाणे अर्धवट राहिलेल्या नोंदीवरच पुन्हा जाऊन बसले.

परवा गावाहून धाकट्या चुलतभावाचे पत्र आले: ‘दादा, दिवाळीस येशीलच, तेव्हा जाता जाता विहिरीवरचे तुझे नाव कमी करून टाक.’ मी उलटटपाली कळविले, ‘नाव असू दे; पाणी मात्र खुशाल उपसा.’