साडूंचा बर्फ

अमेरिकेतून येणारा पाहुणा एकतर चॉकलेट आणतो, नाहीतर इथं न चालणारी वस्तू. आमचे न्यू जर्सीचे साडू दुसऱ्या पंथातले. त्यांनी हार्ड डिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर आणला, तोही डिजिटल ट्यूनरसकट. तिकडं १ मार्च २००७ पासून ट्यूनर असलेल्या प्रत्येक नव्या यंत्रात डिजिटल ट्यूनर सक्तीचा झाला. सक्ती त्यांच्या सरकारची, खरेदी साडूंची आणि निस्तरायचं अमरावतीनं.

यंत्र ११० व्होल्टचं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला. तो रेकॉर्डरहून जड निघाला आणि दिवसरात्र घुमत बसला. दिवसरात्र म्हणजे भारनियमन वगळून. लाइन आली की यंत्राच्या घड्याळात पुन्हा बारा! वेळ लावून मालिका रेकॉर्ड करणं ही त्या काळी आमच्याकडं निव्वळ श्रद्धेची बाब होती.

ट्यूनरनं अर्धा तास चॅनल शोधले आणि शून्य दाखवलं. तो एटीएससी पद्धतीचा. आमच्या अँटेनावर यायचं ते पाल पद्धतीचं अॅनालॉग दूरदर्शन. राजकमल चौकातल्या दुकानदारानं यंत्र उलटंपालटं करून निकाल दिला, "मशीन खराब नाई जी भाऊ. गाव चुकलं त्याचं."

मग इथं चालेल असा मिळतो का कुठं?

"अकोल्यात पाहा."

भर मे महिन्यात बडनेऱ्याहून गाडी धरून अकोला गाठलं. टिळक रोडवरचा दुकानदार कूलरसमोरून न हलता म्हणाला, "काहून, अमरावतीले नाई भेटलं?" त्याच्याकडंही नव्हता. पण अमरावतीत नाही हे ऐकून त्याला जो आनंद झाला, तो दहा रेकॉर्डर विकूनही झाला नसता. चहा पाजला बिचाऱ्यानं.

नसण्याचं कारण तसं सरळ होतं. आपल्याकडं डिजिटल आलं ते छतावरच्या छत्रीतून, आणि त्याची किल्ली कंपनीच्या डब्यात. २००८ मध्ये टाटा स्कायनं त्या डब्यातच हार्ड डिस्क घातली. रेकॉर्ड केलेलं तिथंच राहायचं, डीव्हीडीवर उतरायचं नाव नाही. सुटा ट्यूनरवाला रेकॉर्डर मग कोण कशाला विकेल? पुढं २०१६ मध्ये दूरदर्शननं हवेतून डिजिटल सुरू केलं ते १६ शहरांत. महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद. वऱ्हाडाच्या वाट्याला नेहमीप्रमाणे अनुशेष.

यंत्र मात्र टिकलं. टीव्ही आमचा उदार, आपलं पाल काय नि अमेरिकेचं एनटीएससी काय, दोन्ही चालवून घेणारा. आणि हार्ड डिस्कवर साडूंनी न पुसलेल्या न्यू जर्सीच्या हवामानाच्या बातम्या. पारा ४६ वर गेला की आई कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतते आणि समोर मांडी ठोकते. पडद्यावर बर्फात बुडालेल्या मोटारी, फावडी घेतलेली माणसं.

"आज कितीक पडला रे बर्फ?"

"माय, हा केव्हाचाच हाये."

"असू दे ना बाप्पा. थंडं तर वाटते."