बरोबर पासवर्ड चुकीचा आहे

"पासवर्ड घेत नाहीये" हे वाक्य आता "साहेब मीटिंगला गेलेत" या वाक्याच्या पंगतीला जाऊन बसलं आहे. दोन्हींवर अपील नाही. खिडकीबाहेरचा माणूस मान डोलावतो, पिशवी काखेत मारतो आणि उद्या येतो म्हणतो. उद्या साहेब मीटिंगला गेलेले असतात.

वास्तविक पासवर्ड बरोबर असतो. पुरावा समोरच आहे. मॉनिटरच्या खालच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर निळ्या बॉलपेनने लिहून तो सेलोटेपने चिकटवलेला असतो. तो शिपायाला पाठ आहे, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला पाठ आहे, चहा आणणाऱ्या पोराला तर मागचे दोनसुद्धा पाठ आहेत. खिडकीतून वाकून बघणारे एखादे काका "मॅडम, तो एक नाहीये, एल आहे" अशी मदतही करतात. सबंध तालुक्यात हा पासवर्ड मान्य नसलेला एकच इसम आहे आणि त्याला टेबलावर मानाची जागा आहे.

असा हा जगजाहीर पासवर्ड मॅडम टाइप करू लागल्या की पडद्यावर काय उमटतं? टिंबं. काळी, गोल, सगळी एका मापाची. कारण काय, तर गुप्तता. कोणापासून गुप्तता? चिठ्ठी वीतभर अंतरावर आहे! टिंबांमुळे पासवर्ड लपतो तो फक्त एकाच व्यक्तीपासून, जी तो टाइप करते आहे तिच्यापासून. चोराला चिठ्ठी आणि मालकाला टिंबं, अशी ही सुरक्षा आहे. हल्ली त्या चौकटीच्या टोकाला एक डोळाही काढलेला असतो. तो दाबला की अक्षरं दिसतात. पण तो दाबायचा नाही, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. दाबला तर कुणीतरी रागावेल.

आता या टिंबांच्या आड काय काय चालतं ते बघा. कामकाज मराठीतून करा, असा आदेश येतो. चांगला आदेश आहे. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तर पेढेही वाटले गेले. आदेशाप्रमाणे संगणकात मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड बसवला जातो. पासवर्ड मात्र इंग्रजीच राहतो, कारण पासवर्डचा आदेश वेगळ्या टेबलावरून आलेला असतो. त्यात पुण्याचं नाव इंग्रजीत आहे असं धरू. मोठा पी, मग यू, एन, ई. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर याच चार कळांवर झ, ह, ल आणि काना बसलेले असतात. म्हणजे मॅडम मन लावून पुणे टाइप करत आहेत आणि संगणक मन लावून "झहला" वाचतो आहे. झहला नावाचं शहर ना मॅडमना माहीत आहे, ना संगणकाला. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर आहेत आणि मधे चार टिंबं उभी आहेत, जी पुण्यालाही तशीच दिसतात आणि झहल्यालाही. भाषा कुठली चालू आहे ते पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली, मुंगीने लिहावं इतक्या बारीक अक्षरांत सांगितलेलं असतं. डाव्या हाताचं ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं तर भाषा आवाज न करता बदलते. बरं, मॅडम आत गेल्यावर जो कीबोर्ड असतो तोच दारातही असेल याची खात्री नाही, कारण लॉगिनच्या पडद्याचा हिशेब वेगळा ठेवलेला असतो. अभिजात भाषेचा असा सन्मान झाला आहे की ती चालू असेल तर माणूस स्वतःच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

दुसरी गंमत चिन्हाची. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, असा नियम निघाला आणि उभ्या महाराष्ट्राने न ठरवता एकमताने @ निवडलं. पण संगणक बसवणाऱ्या पोराने घाईत भाषेच्या यादीतून भारताऐवजी युनायटेड किंगडम उचललं असेल, तर शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबला की @ येत नाही, दुहेरी अवतरणचिन्ह येतं. कळीवर @ छापलेलं आहे, आपण तीच कळ दाबली आहे आणि टिंबही उमटलं आहे. आता बोला. इंग्रज 1947 मध्ये गेले म्हणतात. एका कळीवरून त्यांनी अजून ताबा सोडलेला नाही.

टिंबांकडून एकच उपयोग करून घेता येतो: ती मोजायची. आठ अक्षरं दाबली आणि टिंबं सहा आली तर चोर सापडला. उजव्या हाताच्या आकड्यांच्या चौकोनातून वर्ष टाकलं आणि नमलॉक बंद असला, तर त्या कळा आकडे देत नाहीत, बाण होऊन फिरत राहतात. टिंब येतच नाही. खंडेनवमीला कीबोर्डवर वाहिलेली अक्षता एखाद्या कळीखाली जाऊन बसली असेल, तरी टिंब येत नाही. हळदकुंकू चहाच्या साखरेत मिसळून कळ चिकटली असेल, तर एकाऐवजी टिंबांची माळ येते. इतकी साधी गोष्ट, पण टिंबं मोजा असं कुणी सांगत नाही. सिस्टीमवाल्याला फोन केला की तो दोनच प्रश्न विचारतो: "कॅप्सलॉक बघितलं का?" आणि "रीस्टार्ट करून बघितलं का?" दोन्हींचं उत्तर हो आलं की तिसरं वाक्य ठरलेलं असतं, "मग तुम्हीच चुकीचा टाकत असाल."

इथे माझं डोकं फिरतं. कारण संगणकाला पासवर्ड ठाऊकच नसतो! नीट केलेल्या व्यवस्थेत तो जसाच्या तसा साठवत नाहीत. त्याचं गणिताने वाटण करून ठेवतात, आणि वाटलेल्या चटणीतून जसं खोबरं परत काढता येत नाही तसा त्यातून पासवर्ड परत निघत नाही. तुम्ही काही टाइप केलं की त्याचंही तसंच वाटण करायचं आणि दोन वाटणं जुळवून बघायची. एक अक्षर बदललं तर सगळं वाटण बदलतं, म्हणून "जवळपास आलात, शेवटचं अक्षर बघा" असंही त्याला म्हणता येत नाही. हे शास्त्र उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण याचा अर्थ यंत्राला एवढंच कळलेलं असतं की दोन गोष्टी जुळल्या नाहीत. का जुळल्या नाहीत, कीबोर्ड मराठी होता, अक्षता अडकली होती, की पडद्यावर आधी बसलेल्या माणसाचं खातं तसंच उघडं होतं, यातलं काहीही त्याला माहीत नाही. आणि तरी ते छातीठोकपणे लिहितं की तुमचा पासवर्ड चुकीचा आहे. तुमचा!

कधीकधी तर पासवर्डचा संबंधच नसतो. मुख्य सर्व्हरला जोडलेल्या संगणकांत ओळख पटवण्याची एक पद्धत आहे, केर्बेरॉस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला असतो, त्याचं नाव हिला दिलं आहे. संगणकाचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की हा कुत्रा, मूळ ठरवून दिल्याप्रमाणे, आत सोडत नाही. ज्या कार्यालयात पावणेदहा म्हणजे सव्वाअकरा, तिथे वक्तशीरपणाचा पहिला बळी संगणक जातो. घड्याळ का चुकतं? तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा, सीआर 2032 नावाचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपलेला असतो. रात्री मेन स्विच पाडला की संगणक काही वर्षं मागे जाऊन झोपतो. सेल कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळतो. पण कार्यालयाला तो असा मिळत नाही. त्यासाठी टिपणी लागते, तीन दरपत्रकं लागतात, मंजुरी लागते, आणि जुना सेल जडवस्तू नोंदवहीत आहे की उपभोग्य वस्तूंच्या, हे कोणी ठरवायचं यावर फाइल दोन टेबलांमधे येरझारा घालते. तोवर "पासवर्ड घेत नाहीये".

हसून सोडून द्यावं, तर ते आता जमत नाही. कारण हा न्याय टेबलापुरता राहिलेला नाही. आयुष्यभर विटा उचलून, ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजलेली बाई रेशनच्या दुकानात अंगठा ठेवते आणि यंत्र सांगतं, जुळत नाही. दुकानदार सांगतो, "मावशी, तुमचाच अंगठा खराब आहे." पेन्शनवाले आजोबा हयात आहेत हे सांगायला स्वतः जातात आणि यंत्रासमोर उभं राहून आपण जिवंत असल्याचं त्यांना पटवून देता येत नाही. यंत्र नाही म्हणालं की शंका माणसावर, पुरावा माणसाने द्यायचा, हेलपाटा माणसाने मारायचा. यंत्र बसवणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला, दुरुस्तीचा वार्षिक करार करून वर्षभर न फिरकणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुझं काय चुकलं?

मागणी फार नाही. "पासवर्ड चुकीचा आहे" हे पुसून तिथे "जुळला नाही, कारण मला कळलं नाही, कीबोर्डची भाषा बघा" एवढं लिहा. खोटं बोलणं थांबवायला निविदा काढावी लागत नाही. लागत असेल तर काढा. पण ती मंजूर होईपर्यंत अर्ज कागदावर घ्या आणि त्यावर तारखेचा शिक्का मारून पोच द्या. शिक्क्याला पासवर्ड लागत नाही.