बाकी कोण?

गणिताच्या तासाला दुखणारं पोट भाषेच्या तासाला ठणठणीत असतं, हा अनुभव घरोघरचा. भंडारा जिल्ह्यात त्यात पावसाळ्याची भर पडते. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात आणि उघडतात न उघडतात तोच धानाची रोवणी येते. आईबाप बांधीत चिखलात, वर्गातल्या पोराचं अर्धं चित्त पऱ्ह्यांच्या पेंड्यांत, आणि फळ्यावर भागाकार. अशा वेळी 'लक्ष कुठे आहे?' हा प्रश्नच चुकीचा. लक्ष कुठे आहे ते गुरुजींना चांगलं ठाऊक असतं.

साकोलीकडच्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गुरुजींनी खडूला हातच लावला नाही. पाऊस उघडला होता. पोरं पटांगणात आणली. टाळ्या वाजवत गोल धावायचं. 'चार' म्हटलं की चौघाचौघांनी हात धरायचे. हजर होती तेवीस. पाच गट झाले, तिघं उरली.

उरला तो बाद, हा जुना नियम. पण बाद झालेलं पोर भिंतीला टेकून बसतं आणि तास संपेपर्यंत बसूनच राहतं. म्हणून गुरुजींनी नियम उलटवला: उरेल त्याने पुढचा आकडा पुकारायचा. झालं! गुरुजींसारखं ओरडायला मिळणार म्हटल्यावर गटात जायला कोणी तयार होईना. जो तो मागे रेंगाळू लागला. गट पुरे झाल्याशिवाय पुकारा नाही, असं ठरवावं लागलं.

मग आकडेमोड सुरू झाली. पाच म्हटलं तर तीन उरतात, सहा म्हटलं तर पाच. एक दोन वेण्यांची मुलगी पुकारणारीच्या कानाशी लागली आणि पुकारा आला, "बारा!" बारा जणांचा एकच गट जमला आणि अकरा जणी-जणे नाचत बाजूला. मैत्रिणींची अख्खी टोळी तिने बाकीत काढली होती. भागाकाराची व्याख्या विचारली असती तर हीच पोर मान खाली घालून उभी राहिली असती.

दोन, तीन, सात, आठ, सगळं करून झालं. दर वेळी कोणी ना कोणी उरायचंच. शेवटी एकजण कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "गुर्जी, तेवीस भलताच बदमाश हाये जी!" मूळ संख्येची याहून नेमकी ओळख मी पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. गुरुजी हसले आणि स्वतः गोलात शिरले. झाले चोवीस. दोन, तीन, चार, सहा, आठ, काहीही पुकारा, बाकी शून्य. पोरं हिरमुसली.

यात वेळ जातो, अशी तक्रार तपासायला येणारे करतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर जन्मभर आकड्यांशी खेळतच होते, आणि त्या खेळातून हाती आलेला 6174 आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखला जातो. त्यांचा वेळ वाया गेला असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

तेव्हा गुरुजी, बाई, उद्या फळा पुसण्याआधी दहा मिनिटं पोरांना बाहेर काढा. फक्त आधी हजेरी मोजा. चोवीस भरली तर एकाला खडू आणायला पाठवा.