फक्त आपल्याच लॅपटॉपवर चालणारी वेबसाइट कशी बनवावी

हिंगणा एमआयडीसीत कारखान्यांच्या वेबसाइट बनवून देण्याचा धंदा करू पाहणाऱ्या होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे. ती अनुभवातून सिद्ध झालेली आहे. त्या अनुभवाचं बिल अजून थकीत आहे, ही गोष्ट वेगळी.

आधी एक दणकट लॅपटॉप घ्यावा. साइट त्याच्यावरच बनवावी, त्याच्यावरच तपासावी आणि मालकाला दाखवायला तोच काखेत मारून जावं. मालकाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला चुकूनही हात लावू नये. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररचा कारभार आटोपला, पण ही बातमी अकाउंट्स खात्यापर्यंत पोहोचली असेलच असं नाही.

पहिल्या पानावर पडदाभर व्हिडिओ लावावा. लेथ फिरतेय, ठिणग्या उडताहेत, मागे तबला-सतार फ्युजन. फोन नंबर आणि गेटचा पत्ता मात्र असा उघड्यावर टाकू नये. तीन सेकंदांनी खालून अलगद वर येणाऱ्या चौकटीत ठेवावा आणि ती चौकट जावास्क्रिप्टकडून आणवावी. नंबर सहज दिसला की ग्राहकाला त्याची किंमत राहत नाही.

आमची अशी एक साइट एका ट्रकवाल्यानं पाडली. बिचारा माल भरायला आला होता. गेट सापडेना म्हणून त्यानं फोनवर साइट उघडली, तर पांढरं स्वच्छ पान. संध्याकाळी मालकांचा फोन आला, "भाऊ, तुमची वेबसाइट त्याच्या फोनात उघडूनच नाही रायली. गाडी दीड घंटा टी-पॉइंटले उभी होती." अशा वेळी धंद्यात एकच शास्त्रोक्त उत्तर आहे, तेच आम्ही दिलं, "माझ्याकडे तर चालतेय." हे वाक्य पाठ करून ठेवावं. मालक म्हणाले, "मंग ट्रक तुमच्या घरी पाठवू का?"

झालं होतं एवढंच की आम्ही कोडमध्ये प्रश्नचिन्ह आणि टिंब यांची जोडी वापरली होती. ही खूण ब्राउझरांमध्ये २०२०च्या सुमारास आली; ट्रकवाल्याचा फोन त्याआधीचा. एचटीएमएल आणि सीएसएस स्वभावानं सोशिक. न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट्यानं सोडतो आणि पुढे वाचत राहतो. तारखेचा रकाना कळला नाही, तर तिथे साधा लिहायचा रकाना दाखवतो. जावास्क्रिप्टचं तसं नाही. एक खूण अनोळखी निघाली की फाइल अख्खी बाद. व्हिडिओही गेला, नंबरही गेला.

यावर अननुभवी लोक ब्राउझरला नाव विचारतात. खुशाल विचारावं, करमणूक होते. क्रोमनं स्वतःची ओळख म्हणून पाठवलेली ओळ एकदा वाचून पाहा. सुरुवात मोझिलापासून, मग ॲपलवेबकिट, मग 'गेकोसारखा', मग कुठे क्रोम आणि शेवटी सफारी. स्थळाच्या बायोडाटात मुलापेक्षा मामांचीच माहिती जास्त असते, त्यातला प्रकार. मोझिला हे मुळात नेटस्केपचं घरातलं नाव. नव्वदच्या दशकात काही साइटी हे नाव सांगणाऱ्यालाच चांगलं पान वाढत, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवू लागला. पुढे जो आला त्यानं तेच केलं. आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या पोटात तर ॲपलचंच इंजिन असतं. तेव्हा नावावरून काही कळत नाही. 'तू कोण?' न विचारता 'तुला हे जमतं का?' एवढंच विचारायची सोय सीएसएसमध्ये आहे, पण ती वापरली तर आमची मार्गदर्शिका कोण वाचणार!

स्टीव्ह शॅम्पियन आणि निक फिंक या दोघांनी २००३मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या एका संमेलनात उलटाच मार्ग सांगितला आणि त्याला प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट असं भारदस्त नाव दिलं. आधी मजकूर, जो कुठेही वाचता येईल. त्यावर सजावट. हलणारं-डुलणारं सगळ्यात शेवटी, ज्याला झेपेल त्याच्यासाठी. हिंगण्यात हे समजवायला ऑस्टिनला जायची गरज नाही. रस्ता आधीपासून होताच. जानेवारी २०२०मध्ये मेट्रो सीताबर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत आली, म्हणून कोणी हिंगणा रोड उखडून टाकला नाही. मेट्रो बंद असली तर माणूस ऑटोनं येतो, उशिरा येतो, पण येतो. आमच्या पद्धतीत आधी मेट्रो बांधायची, रस्त्याचं बजेट उरलं तर पाहायचं.

मराठी मजकुराचा घोळ घालण्याची परंपरा तर थोर. युनिकोड रुळण्याआधी 'आमचा फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी लावायची रीत होती. फॉन्ट नसला की लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी. पुढे साध्या फोनवर ऑपेरा मिनीच्या गुप्त सेटिंगमध्ये शिरून मराठी अक्षरं चित्रं म्हणून मागवावी लागत. एका पिढीनं बातम्या अशाच वाचल्या. आता तेवढा त्रास नाही, तरी 'ल' आणि 'श' आहेतच. पान मराठीत आहे हे कोडमध्ये सांगितलं नाही, तर बरेच फॉन्ट हिंदी वळणाचा ल दाखवतात. दोन्ही वळणं असलेल्या फॉन्टला 'भाषा मराठी' एवढं कळवलं की तो आपला ल काढून देतो. काम दोन अक्षरी खुणेचं. आम्ही ते केलं नव्हतं. मालकांच्या आईनं पाटीवरचं नाव पाहून विचारलं, "हा ल आपला नोहे ना बापा?" इतकी काटेकोर तपासणी आमच्याकडून कधी झाली नव्हती.

त्या साइटवर आता नंबर पहिल्या ओळीत, साध्या एचटीएमएलमध्ये आहे. बोट लावलं की फोन लागतो. खाली गेटची खूण दोन वाक्यांत. व्हिडिओ आहे, पण ज्याचा फोन दाखवील त्यालाच. मालकांनी जुना आणि नवा असे दोन फोन शेजारी धरून पाहिले आणि "दोन्हीत वेगवेगळी दिसून रायली," अशी तक्रार केली. आम्ही म्हटलं, दिसू द्या.

तुमची साइट असेल तर आज एकदा ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून ती उघडा आणि फोन नंबर दिसतो का, तेवढं बघा.