गोल्फ रंगवण्याचे प्राथमिक धडे

गोल्फची मूळ अडचण अशी की त्यात भांडणच नाही. दीडशे माणसं चार दिवस आपापला चेंडू मारत हिंडतात. कोणी कोणाचा चेंडू अडवत नाही, पाय ओढत नाही, पंचाकडे दाद मागत ओरडत नाही. अशा खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रंगवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर घाबरू नका. सेंट ऑल्बन्सचे बियाणे-व्यापारी सॅम्युअल रायडर यांनी ब्रिटन-अमेरिका सामन्यासाठी सोन्याचा चषक दिला, त्या चषकासाठी, म्हणजे रायडर कपसाठी, १९२७ पासून दोन्हीकडचे खेळाडू जुंपले, आणि तेव्हापासून कृती तयार आहे.

आधी बक्षिसाची रक्कम काढून टाका. कोट्यवधी कमावणारा माणूस फुकट खेळायला लागला की एकदम देशभक्त होतो. अमेरिकेच्या संघाला २०२५ मध्ये माणशी पाच लाख डॉलर मिळाले, त्यातले तीन लाख दानधर्मासाठी. त्या वर्षी ते घरच्या मैदानावर हरले. यावरून निष्कर्ष काढू नये. पण काढावासा वाटतो.

मग फटक्यांची बेरीज बंद करा. प्रत्येक होल हा स्वतंत्र सामना. एखाद्याने तळ्यात तीन चेंडू बुडवले तरी नुकसान एका होलचंच, त्यामुळे पुढच्या टीवर तो पुन्हा छाती काढून उभा. प्रेक्षकालाही हिशेब सोपा: कोण किती होलने पुढे, एवढंच.

आता मुख्य पदार्थ: फोरसम्स. दोघांत चेंडू एक, आणि फटके आळीपाळीने. तुम्ही मारायचं, जोडीदाराने निस्तरायचं. फोरबॉलमध्ये प्रत्येकाला स्वतःचा चेंडू असतो आणि जोडीतला चांगला आकडा धरतात, म्हणून तिथे सगळे हसतमुख असतात. फोरसम्समध्ये संसार असतो. जोडी निवडताना दोघं नामवंत असणं पुरेसं नाही, हे नवशिक्या कर्णधाराने भिंतीवर लिहून ठेवावं. अमेरिकेचे कर्णधार हॅल सटन यांनी २००४ मध्ये ओकलंड हिल्सला टायगर वूड्स आणि फिल मिकेलसन यांना एकत्र उतरवलं. दोघांचं फारसं सूत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक. सकाळचा फोरबॉल गेला. दुपारी फोरसम्समध्ये अठराव्या होलवर बरोबरी असताना मिकेलसनचा टीवरून मारलेला चेंडू भलताच डावीकडे, थेट कुंपणापाशी जाऊन बसला. पुढचा फटका वूड्सचा. त्या वेळचा वूड्सचा चेहरा पाहिला, तर फोरसम्सचे नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत. तोही सामना गेला, आणि रविवारपर्यंत युरोपने १८.५-९.५ असा धुव्वा उडवला.

प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर त्याला माणसं पुरवा. अमेरिका वर्षानुवर्षं ब्रिटन-आयर्लंडला लोळवत राहिली, तेव्हा खुद्द जॅक निकलस यांनीच सुचवलं की समोर अख्खा युरोप घ्या. १९७९ पासून घेतला. स्पेनचे सेव्ही बालेस्टेरोस आले आणि १९८५ मध्ये चषकच गेला. इतकी उदारता दाखवण्यापूर्वी आपल्या संघाला विचारावं.

खिलाडूपणा चवीपुरता. १९६९ मध्ये याच निकलसनी ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला शेवटच्या होलवर छोटासा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा फटका, न मारताच देऊन टाकला आणि मालिका १६-१६ बरोबरीत सुटली. जगाने टाळ्या वाजवल्या. अमेरिकेचे कर्णधार सॅम स्नीड मात्र वैतागले.

आवाजाचं प्रमाण जमणं अवघड. एरवी कोणी खोकलं तरी वळून बघणारी ही मंडळी. पण २०१२ मध्ये मेडिनाला अमेरिकेच्या बबा वॉटसनने प्रेक्षकांना ओरडायला लावून त्या गोंगाटातच पहिला फटका मारला. मात्र २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथपेजला युरोपच्या रोरी मॅकिलरॉयला ज्या शिव्या खाव्या लागल्या, त्याला वातावरणनिर्मिती म्हणत नाहीत.

शेवटी, दुःख सोसायला कोणीतरी हवं, आणि ते एकट्याचं नको. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ मध्ये दक्षिण कोरियात प्रेसिडेंट्स कपच्या, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोपबाहेरचं बाकी जग अशा सामन्याच्या, अठराव्या होलवर उभा होता. समोरच्या अमेरिकन ख्रिस कर्कने लांबचा पट घातला. लाहिरीचा जेमतेम चार फुटांचा. चेंडू कडेला लागून बाहेर आला. संघ १५.५-१४.५ असा हरला. एकट्याच्या स्पर्धेत असा पट हुकला तर क्रमवारीत दोन-चार जागा जातात. इथे मागे उभ्या असलेल्या अकरा जणांकडे चालत जावं लागतं.

एक किरकोळ सूचना राहिली, पाकिटाची. समोरचा कोणी दुखापतीने रविवारी बसला, तर आपला कोण बसवायचा, त्याचं नाव रायडर कपचा कर्णधार आधीच पाकिटात घालून देतो. मग दोघांना अर्धा-अर्धा गुण. २०२५ मध्ये युरोपच्या व्हिक्टर हॉवलंडची मान धरली, पाकीट उघडलं, आणि अमेरिकेच्या हॅरिस इंग्लिशचं नाव निघालं. ते लिहिताना खोलीचं दार लावून घ्यावं, आणि त्या खेळाडूच्या शेजारी जेवायला बसू नये.